डावीकडचा मागचा स्पीकर

कानसाहेबांचं खरं नाव स्टुडिओत कुणी घेत नसे. चित्रपटाचा सगळा आवाज, म्हणजे संवाद, पावलं, वारा, वाद्यं, शेवटी जिथे एकत्र बसवतात, ती खोली त्यांची होती आणि मधली खुर्चीही त्यांची. भिंतीपलीकडचा पंखा कुरकुरला तरी ते चित्र थांबवायला लावत. त्यांच्या कानाची कीर्ती एवढी होती, की लोकांनी कानच त्यांच्या नावाला चिकटवला, आणि त्यांनीही तो मिरवला.

त्यांचा जावई त्यांच्या डाव्या हाताला, लहान कन्सोलवर, म्हणजे आवाज वरखाली करायच्या बटणांच्या टेबलावर बसे. तो घरजावई होता, सासऱ्याच्याच घरात राहून सासऱ्याच्याच हाताखाली काम करणारा. लग्नात पाहुण्यांशी ओळख करून देताना कानसाहेब म्हणाले होते, "हे आमचे जावईबापू. मुलीने बघून पसंत केले. मी नुसता आवाज ऐकला आणि नको म्हणालो होतो." मांडव हसला. जावईही हसला, कारण नवऱ्या मुलाने हसायचं नाही तर काय करायचं!

त्यानंतर हसण्याची त्याला सवयच लागली. गिऱ्हाईक समोर असलं की कानसाहेबांना चेव चढे. जावयाने एखादा आवाज जरा वर ठेवला, की चित्र थांबवून ते सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणत, "जावईबापूंना कान दिलेत ते चष्मा अडकवायला." एकदा तर त्यांनी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, मागे किल्ल्यांचा जुडगा वाजवला आणि कुठल्या कोपऱ्यातून वाजला ते ओळखायला लावलं. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर आलं, तर म्हणाले, "अंदाजाने सांगितलंत." सोफ्यावरचे लोक पोट धरून हसत होते. त्याची बायको, म्हणजे कानसाहेबांची एकुलती एक मुलगी, त्या वेळी बापाच्या उजव्या बाजूला बसून संवादांची तयारी करत होती. तिने मान वर केली नाही.

रात्री तो तिला म्हणाला, "निदान तू तरी काही बोलायचंस."

"बाबांचा स्वभाव तुला ठाऊक आहे," ती म्हणाली आणि कूस बदलली.

असं सगळं चाललं असताना खोलीतली जुनी ऐकण्याची यंत्रणा थकली आणि नवी डिजिटल आणायचं ठरलं. खोलीत चहूबाजूंनी स्पीकर होते, समोर, बाजूला, मागे. दोन्ही कन्सोलमधून निघणारा आवाज एका नव्या यंत्रात जायचा आणि तिथून प्रत्येक स्पीकरला त्याचा त्याचा वाटा पोचायचा. हे जोडायला एक माणूस आला. किडकिडीत, अबोल, कमरेला पक्कड लटकवलेला. त्याला सगळे जोडणीवाला म्हणू लागले.

पहिल्याच दिवशी त्याने सरळपणाने विचारलं, "दोन कन्सोल एकाच यंत्राला लावायचे, तर आवाज कमीजास्त करायचा शेवटचा हुकूम एकाकडे ठेवावा लागतो. मालक कुणाला धरू?"

कानसाहेबांनी त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "माझ्या खोलीत येऊन मालक कोण विचारताय? बाहेर जा, दारावरची पाटी वाचा आणि परत या."

जोडणीवाला खरंच बाहेर गेला, पाटी वाचून परत आला आणि म्हणाला, "तुमचंच नाव आहे." मग पुन्हा तारांकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. जावयाला त्या माणसाचा हेवा वाटला.

प्रत्येक कन्सोलवर तळहाताएवढी एक पट्टी बसली. तिच्यावर एकेका स्पीकरचं बटण, आणि बटणाशेजारी बारीक दिवा. स्पीकर चालू असेल तर हिरवा, बंद केला तर लाल. कोणत्याही पट्टीवरून बटण दाबलं तरी दोन्हीकडे तोच रंग उमटे. कानसाहेबांनी आपल्या पट्टीवर त्याच दिवशी काळी चिकटपट्टी लावून टाकली. "दिवे बघून ऐकणारे वेगळे. माझ्या डोळ्यांसमोर हे काजवे नकोत," ते म्हणाले.

जोडणी संपत आली तेव्हा कानसाहेबांनी खुर्चीत बसून एक गाणं लावायला सांगितलं. डोळे मिटले. गाणं संपेपर्यंत मान डोलावली आणि उठून म्हणाले, "छान. चारी बाजूंनी अंगावर येतंय. मागचं तर काय सुरेख!" आणि जेवायला निघून गेले.

जोडणीवाला शेजारच्या, यंत्रं ठेवलेल्या मशीन रूममधून बाहेर आला. हातात एक तार होती. "साहेब," तो जावयाला म्हणाला, "डावीकडचा मागचा स्पीकर मी अजून लावलेलाच नाही. ही तार बघा, हातातच आहे माझ्या."

जावई त्या तारेकडे बघत राहिला. डाव्या बाजूचं मागचं काहीच वाजलं नव्हतं, हे त्याला पहिल्या ओळीतच कळलं होतं. पण आपलंच चुकत असेल असं समजून तो मूग गिळून बसला होता. इतक्या वर्षांत स्वतःच्या कानांवरचा त्याचा विश्वासच उडाला होता.

"त्यांना सांगू?" जोडणीवाल्याने विचारलं.

"नको. जोडून टाका. आणि कुठे बोलू नका."

"मी कशाला बोलतोय," जोडणीवाला म्हणाला, आणि तार घेऊन आत गेला.

त्या दुपारी जावयाला जेवण गोड लागलं. म्हातारा बहिरा आहे! डाव्या कानाने ठार! कधीपासून, कोण जाणे. मुलीला नेहमी उजवीकडे बसवतो, बोलणाऱ्याकडे उजवा खांदा वळवतो, फोन उजव्याच कानाला लावतो. सगळे धागे एकामागून एक जुळत गेले.

तरी त्याने खात्री करायची ठरवली. दुसऱ्या दिवशी तो कानसाहेबांच्या डाव्या बाजूला, खुर्चीच्या जरा मागे उभा राहिला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "म्हाताऱ्या." कानसाहेब पडद्याकडे बघत राहिले. तो थोडा पुढे झाला. "म्हाताऱ्या, बहिऱ्या." काही नाही. त्याच्या छातीत धडधडत होतं, आणि त्या धडधडीत एक मजा होती. अशी मजा त्याने या घरात पाऊल टाकल्यापासून अनुभवली नव्हती.

मग ते रोजचंच झालं. आवाज चालू असताना तो त्या मेलेल्या कानाजवळ वाकून कामाचं काही सांगितल्यासारखं करायचा, आणि साठवलेलं सगळं ओतायचा. मांडवातलं हसणं, किल्ल्यांचा जुडगा, चष्मा, एकेक आठवण काढून तो तोंडसुख घेई. कानसाहेब पडद्यावर नजर ठेवून म्हणत, "हं, हं. करा तसं." म्हणजे कुणी कानाशी वाकलेलं दिसलं, की ऐकू आल्यासारखं दाखवायचं, हेही त्यांनी शिकून घेतलं होतं. हे कळल्यावर एखाद्याला दया आली असती. जावयाला आणखी चेव आला.

एकदा बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "काय पुटपुटतोयस बाबांच्या कानात?" तिने विचारलं.

"आवाजाचे आकडे सांगतोय."

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली, मग कप ठेवून गेली.

नवी यंत्रणा लागली म्हणून दिग्दर्शक आपल्या चित्रपटाचा तयार झालेला भाग ऐकायला येणार होता. जाडजूड, मऊ बोलणारा माणूस. त्याचे सगळे चित्रपट याच खोलीत झाले होते. त्या भागात एक प्रसंग होता. बाजारात मूल हरवलेली बाई गर्दीतून वेड्यासारखी फिरते आहे. शेवटी ती थकून थांबते. सगळे आवाज एकेक करून मावळतात, आणि मग तिच्या मागून, डावीकडून, एकच हाक येते, "आई!" बाई वळते. हाक फक्त त्याच एका स्पीकरमधून यायची, बाकीचे गप्प. ही कल्पना कानसाहेबांचीच, आणि तिचा त्यांना केवढा अभिमान!

दिग्दर्शक आपल्या दोन माणसांना घेऊन दुपारी आला. सोफा भरला. जोडणीवाला काही अडलं तर असावा म्हणून भिंतीशी स्टुलावर बसला होता. मुलगी त्या दिवशी बापाच्या उजवीकडे न बसता लहान कन्सोलवर, नवऱ्याच्या शेजारी येऊन बसली. "इथून नीट दिसतं," एवढंच म्हणाली.

चित्र सुरू झालं. बाजाराचा गलका खोलीभर पसरला. जावयाने पट्टीवरचं एक बटण दाबलं. लाल दिवा लागला. त्याने कोपर पुढे सरकवून तो झाकायचा प्रयत्न केला, पण शेजारी बसलेल्या माणसाला तो दिसणारच होता. त्याने डोळ्यांच्या कडेने बायकोकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती.

बाई थकून थांबली. गलका मावळू लागला. कानसाहेबांनी खुर्ची किंचित वळवली, एक बोट वर केलं आणि सोफ्यावरच्या लोकांना म्हणाले, "आता ऐका हं. आता मागून हाक येईल. अगदी मानेवर येते."

खोलीत चिडीचूप शांतता.

कानसाहेबांना चित्र तोंडपाठ होतं. नेमक्या क्षणी त्यांचं बोट खाली आलं आणि चेहरा उजळला. "आली! बघा! काटा आला की नाही अंगावर?"

पडद्यावर बाई वळली, कशासाठी कुणास ठाऊक.

दिग्दर्शकाने आपल्या माणसांकडे पाहिलं. त्यांतल्या एकाने खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. कानसाहेब अजून हसतच होते. मग ते हसू हळूहळू ओसरलं.

"काय झालं?"

"कानसाहेब," दिग्दर्शक अवघडून म्हणाला, "हाक आली नाही."

"आली की."

"नाही आली. आम्ही सगळेच..."

"मी ऐकली!" कानसाहेबांचा आवाज चढला. "माझ्या खोलीत मला सांगता? आली नाही?"

इथे थांबता आलं असतं. तार सैल झाली असेल म्हणून जोडणीवाल्याकडे बोट दाखवता आलं असतं, आणि जोडणीवाल्याने ते आपल्या अंगावर घेतलंही असतं, कारण तो स्टुलावरून अर्धा उठलाच होता. जावयाने त्याला हाताने बसायची खूण केली.

"परत लावू का, साहेब?" त्याने अगदी अदबीने विचारलं.

"लावा!"

चित्र मागे घेताना त्याने बटण पुन्हा दाबलं. दिवा हिरवा झाला. बाजार पुन्हा गजबजला, पुन्हा मावळला. कानसाहेबांनी आता बोट वर केलं नाही. दोन्ही हातांनी कन्सोलची कड धरली होती, मान पुढे, कपाळावर शिरा. आणि मागच्या कोपऱ्यातून हाक आली, स्वच्छ, कोवळी, कुणाचाही जीव हलावा अशी. सोफ्यावरचे तिघेही दचकून मागे वळले.

कानसाहेबांना ते वळणं दिसलं नाही, त्यांची पाठ होती. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग कोरड्या आवाजात म्हणाले, "खरंय. नाही आली."

"आता आली होती, साहेब," जावई म्हणाला.

त्याने हे फार मोठ्याने म्हटलं नाही. उजव्या बाजूने मात्र म्हटलं. त्यासाठी तो मुद्दाम उठून पलीकडे गेला होता.

कानसाहेबांनी कन्सोलवरची काळी चिकटपट्टी नखाने उचकटायला सुरुवात केली. ती निघता निघेना. शेवटी एक तुकडा निघाला, आणि ते वाकून त्या बारीक दिव्यांकडे बघू लागले, एकेकाकडे, बोट लावून. "सगळे हिरवे आहेत," ते म्हणाले. "सगळे चालू आहेत." मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. "तुला आली का गं?"

"आली, बाबा," मुलगी म्हणाली.

ते उठले. दाराकडे जाताना स्टुलाला अडखळले. जोडणीवाल्याने दंड धरला, तो त्यांनी झटकला नाही. कुणाचा हात झटकला नाही असं त्या खोलीत प्रथमच घडलं. दोघे बाहेर गेले.

जावई मधल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. त्याला वाटलं होतं, आता जीव हलका होईल. झालाही. दिग्दर्शकाने घसा साफ केला. "वाईट झालं. पण काम तर पुढे न्यायलाच हवं." जावयाने मान हलवली. त्याने मनात वाक्य तयार ठेवलं होतं, मी सांभाळेन, काळजी करू नका.

दिग्दर्शक त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. "तूच करशील ना?" त्याने मुलीला विचारलं. "तसंही, मागच्या दोन चित्रपटांचं तूच केलंस. आपल्याला ठाऊक आहे."

"करते," ती म्हणाली.

जावयाला आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

सगळे गेल्यावर त्याने तिला मशीन रूममध्ये गाठलं. यंत्रांचे पंखे घरघरत होते. "तूच केलंस म्हणजे?"

"बाबा घरी गेले की मी सगळं पुन्हा बसवायचे. डावी बाजू त्यांची केव्हाच गेली, आणि उजव्या कानालाही आता बारीक, लांबचे आवाज पोचत नाहीत. ते डावीकडचं नको तितकं मोठं ठेवायचे, मी उतरवायचे. दिग्दर्शकांनी एकदा मला बसलेलं पाहिलं."

"आणि मला नाही सांगितलंस? शेजारी बसतो मी!"

"तू कधी विचारलंस? तुला आपल्या अपमानाखेरीज काही ऐकू येत होतं का?"

तो तडकला. "लाल दिवा तुझ्यासमोर होता. बापाची अब्रू जात होती. एक शब्द बोलली असतीस तर मी थांबलो असतो."

"माहीत आहे," ती म्हणाली. एका यंत्राची तार सरळ करत ती जराही घाई न करता बोलत होती. "बाबांना त्या खुर्चीतून उठवायलाच हवं होतं. मी उठवलं असतं तर त्यांनी जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतं. आता तुझं पाहणार नाहीत. तू त्यांच्या कानाशी काय बोलतोस तेही मी ऐकलं होतं. म्हटलं, हा करेल."

त्याने तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं शेजारी निजलेली ही बाई. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

घरी कानसाहेबांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. मुलगी ताट आत नेऊन द्यायची, उजव्या बाजूला बसून हळूहळू घास भरवायची. दार उघडं असे. कानसाहेब मोठमोठ्याने बोलत, कारण आता आवाज आवरायची गरज उरली नव्हती. "मी त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं!" ते ओरडत. "हाताला धरून शिकवलं! आणि त्याने चारचौघांत मला बहिरा ठरवलं! तुला तरी ठाऊक होतं का गं, त्याच्या मनात काय आहे ते?"

"नाही, बाबा. मला काय ठाऊक," ती म्हणे आणि त्यांचं तोंड पुसे.

जावई बाहेर टेबलाशी एकटा जेवत बसे. हिलाही सगळं ठाऊक होतं, हे आत जाऊन सांगावं, असं एकदा त्याच्या मनात आलं. तो दारापर्यंत गेलाही. कानसाहेबांनी त्याला पाहिलं आणि पडल्या पडल्या भिंतीकडे तोंड फिरवलं. डावा कान वर राहिला. तो जे काही बोलला असता, ते त्या कानावर पडलं असतं.

स्टुडिओत जोडणीवाल्याला पुन्हा बोलावणं गेलं. मुलगी मधल्या खुर्चीत बसली होती. "लहान कन्सोलवरच्या पट्टीची बटणं बंद करून टाका," तिने सांगितलं. "दिवे राहू द्या. दाबलं तरी काही व्हायला नको."

जावई तिथेच, त्या पट्टीसमोर बसला होता. जोडणीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. "साहेब, जरा सरकता?" तो म्हणाला. जावई सरकला.

काही दिवसांनी, सकाळी चहा घेताना, बायको म्हणाली, "तू थोडे दिवस स्टुडिओतच राहशील का? सोफा आहे, न्हाणीघर आहे. घरात तुझी पावलं वाजतात."

"त्यांना ऐकू येतात?"

"मला येतात."

त्याने एका पिशवीत कपडे भरले. भांडायचं त्याच्या मनात होतं, पण भांडण कशावरून काढायचं? ज्याला सांगायला जावं, त्याने आधी विचारलं असतं, बटण कुणी दाबलं? नोकरी सोडून दुसरीकडे जायचाही त्याने विचार केला. दोन ठिकाणी फोन केले. दोन्हीकडे ती गोष्ट त्याच्याआधी पोचली होती. एकाने तर हसत हसत विचारलं, "सासऱ्याला बहिरा ठरवणारे तेच ना तुम्ही?" त्याने फोन ठेवला आणि लहान कन्सोलवर येऊन बसला.

चित्रपट पुरा झाला त्या दिवशी मुलगी बापाला घेऊन आली. कानसाहेब पहिल्यांदाच पाहुण्यासारखे त्या दारातून आत आले. नवा सदरा, दाढी घोटलेली, तिच्या हाताला धरून. तिने त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तू आत थांब. त्यांना उगाच त्रास."

तो मशीन रूममध्ये गेला. तिथल्या भिंतीला जाड काचेची छोटी खिडकी होती. आवाज जराही येत नसे. काचेतून त्याला पडदा तिरका दिसत होता आणि दोघांचे चेहरे. बाजार आला, बाई थांबली. हाकेच्या क्षणी मुलीने बापाच्या खांद्यावर दोनदा बोट टेकवलं. कानसाहेबांनी मान डोलावली, मग हातांनी तोंड झाकलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ते काहीतरी बोलले, बराच वेळ बोलत राहिले, मुलीच्या गालावर तळवा ठेवून. जावयाने काचेला तोंड भिडवलं. ओठांवरून काहीच कळेना.

तेवढ्यात मुलीने इकडे पाहिलं. उठली, खिडकीपाशी आली, आणि काचेवरचा बाहेरच्या बाजूचा कापडी पडदा ओढून घेतला.